दहावीनंतर डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग

काटोलमधल्या पालकांना इंजिनिअरिंग म्हटलं की अकरावी-बारावी सायन्स, सीईटी आणि नागपूरचे क्लासेस एवढंच आठवतं. दुसरा रस्ता पॉलिटेक्निकचा. दहावीच्या गुणांवर तीन वर्षांचा डिप्लोमा, सीईटी नाही. परीक्षा साधारणपणे एमएसबीटीई घेते. पुढे डिप्लोमाच्या गुणांवर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. तीन आणि तीन, सहा वर्षं. बारावीच्या रस्त्यानेही दोन आणि चार, सहाच!

फरक असा की घरची परिस्थिती मध्येच बिघडली, तर बारावीवाल्याच्या हाती काही नसतं. डिप्लोमावाला ज्युनियर इंजिनिअरच्या जागेला अर्ज करू शकतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

नागपुरात सदरला शासकीय तंत्रनिकेतन आहे, अंजुमनचं पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजही. मात्र व्हीएनआयटीत या मार्गाने बी.टेक.ला जाता येत नाही, तिथे जेईईच लागते.

अडतं ते गणितात. डिग्रीचं पहिलं वर्ष झालेलं नसतं, आणि दुसऱ्या वर्षाचं गणित एकदम अंगावर येतं. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना इंग्रजीचाही त्रास होतो, पण तो डिप्लोमातच निघून जातो. गणित सुट्टीत करून ठेवा.

बागवान, पिंजारी अशा ओबीसी बिरादरीच्या मुलांनी जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअरचे कागद आधीच काढावेत. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, दरवर्षी न चुकता.