व्हिटॅमिन डी कमी असेल तर मेंदूवर काय परिणाम होतो? गोळ्या घेतल्याने विस्मरण टळतं का?

नावं आठवत नाहीत, मूड ठीक नाही, हातापायांना मुंग्या येतात. यातलं काहीही सांगितलं, की 'व्हिटॅमिन डी तपासून घे' असा सल्ला लगेच मिळतो. रिपोर्टमध्ये आकडा कमी निघतो आणि सगळ्याचं खापर त्याच्यावर फुटतं. मग मेडिकलमधून पाकिटं आणली जातात, कधी कधी डॉक्टरांना न विचारताच.

व्हिटॅमिन डी आणि मेंदू-मज्जासंस्था यांचं नातं खरं आहे. पण प्रत्येक आजारात ते सारखं नाही.

मेंदूत त्याचं काम काय?

उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे आपल्या त्वचेत व्हिटॅमिन डी तयार होतं. आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याचं रूप बदलतं आणि ते हॉर्मोनसारखं काम करू लागतं. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणं हे त्याचं मुख्य काम. या कॅल्शियमशिवाय हाडंच काय, नसा आणि स्नायूही नीट चालत नाहीत.

मेंदूतल्या पेशींवरही व्हिटॅमिन डीचा संदेश घेणारे रिसेप्टर सापडले आहेत. स्मरणशक्तीशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातही ते आहेत. त्यामुळे मेंदूच्या आजारांशी त्याचा संबंध शोधायला शास्त्रज्ञांनी सुरुवात केली.

नातं सगळ्यात स्पष्ट कुठे दिसतं?

लहान बाळांमध्ये. आईच्या शरीरातच व्हिटॅमिन डी कमी असेल आणि बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असेल, तर बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम खूप खाली जाऊन त्याला आकडी येऊ शकते. हे वेळीच ओळखलं तर उपचार करता येतात. म्हणूनच भारतातले बालरोगतज्ज्ञ बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० आययू व्हिटॅमिन डीचे थेंब द्यायला सांगतात. आईचं दूध भरपूर असलं तरी हे थेंब लागतात.

मोठ्यांमध्ये तीव्र कमतरता असेल तर मांड्या आणि खांद्यांचे स्नायू दुबळे होतात. जमिनीवरून उठताना किंवा जिना चढताना आधार घ्यावा लागतो. हा वयाचा परिणाम समजून अनेक जण सोडून देतात.

अपस्माराच्या रुग्णांनीही लक्ष द्यायला हवं. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांसारख्या औषधांमुळे शरीरातलं व्हिटॅमिन डी लवकर संपतं. मात्र त्यासाठी ही औषधं स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टरांना तपासणीबद्दल विचारावं.

मल्टिपल स्क्लेरोसिसचं काय?

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती नसांवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. विषुववृत्तापासून दूर, कमी उन्हाच्या देशांमध्ये तो जास्त आढळतो. अमेरिकी सैनिकांच्या साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गोऱ्या सैनिकांच्या रक्तात व्हिटॅमिन डी जास्त होतं, त्यांना पुढे हा आजार कमी झाला होता.

उपचार म्हणून काय? फ्रान्समध्ये आजाराची पहिली लक्षणं नुकतीच दिसलेल्या ३०३ रुग्णांवर चाचणी झाली. २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. दर दोन आठवड्यांनी मोठा डोस घेणाऱ्यांपैकी ६०.३ टक्के रुग्णांमध्ये दोन वर्षांत आजार सक्रिय दिसला. डमी औषध घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७४.१ टक्के होतं. हा फरक मुख्यतः एमआरआयमध्ये दिसला. त्याआधी २०२३ मध्ये आलेल्या एका चाचणीत मात्र नेहमीच्या औषधासोबत जास्त डोस देऊनही आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं नव्हतं. म्हणजे आशा आहे, पण मूळ औषधांना हा पर्याय नाही.

आणि डिमेन्शिया, डिप्रेशन?

२०१४ मध्ये १,६५८ वृद्धांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिटॅमिन डीची तीव्र कमतरता असलेल्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला. सोशल मीडियावर फिरणारे दावे अशाच निष्कर्षांवर उभे असतात.

पण इथे एक अडचण आहे. आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, ऊन कमी मिळतं आणि व्हिटॅमिन डी घटतं. मग कमतरतेमुळे आजार झाला, की आजारामुळे कमतरता? हे कळण्यासाठी गोळ्या देऊन पाहावं लागतं.

अमेरिकेत २५,८७१ लोकांच्या 'व्हायटल' चाचणीत ते करून पाहिलं. अर्ध्या लोकांना रोज २,००० आययू डोस दिला, अर्ध्यांना डमी गोळी. सुमारे पाच वर्षांनंतर डिप्रेशनच्या प्रमाणात फरक नव्हता. ज्यांची स्मरणशक्ती तपासली, त्यांच्यातही एकूण फायदा दिसला नाही. यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. पुरेसं असताना आणखी घेऊन मेंदू तल्लख होत नाही, एवढं मात्र यातून कळतं.

मुंग्या येत असतील तर?

आधी बी-१२ आणि साखर तपासा. हातापायांना मुंग्या येण्यामागे बी-१२ची कमतरता किंवा मधुमेह ही जास्त नेहमीची कारणं आहेत. शाकाहारी लोकांमध्ये बी-१२ कमी असणं तर अगदी सर्रास. सगळा दोष व्हिटॅमिन डीला दिला तर खरं कारण मागे राहतं आणि नसांचं नुकसान वाढत जातं.

जास्त घेतलं तर काय होतं?

आपल्याकडे ६०,००० आययूचं पाकीट किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, खूप तहान, मूत्रपिंडाला इजा आणि गोंधळलेपणा अशी लक्षणं दिसतात. म्हणजे मेंदूसाठी घेतलेलं औषध मेंदूलाच त्रास देऊ शकतं.

मग करायचं काय?

- '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' ही तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करा. २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे सहसा कमतरता मानली जाते.
- ऊन अंगावर घ्या. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते तेव्हाचं ऊन उपयोगी. बंद काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, कारण काच यूव्हीबी किरण अडवते.
- बांगडा, तारली आणि अंड्यातला पिवळा बलक यांतून थोडं मिळतं. फक्त आहारातून गरज भागणं कठीण.
- डोस किती आणि किती आठवडे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. घरातल्या एकाला दिलेली पाकिटं दुसऱ्याने घेऊ नयेत.
- विस्मरण वाढत असेल, अचानक अशक्तपणा आला किंवा आकडी आली, तर व्हिटॅमिनच्या रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.