बाळ मोठं झालं, टेबल उरलं

आपल्याकडे बाळाचं सामान बाळाबरोबर मोठं होत नसे, ते पुढच्या बाळाकडे जाई. पाळणा मावशीकडून काकूकडे, पांगुळगाडा माळ्यावर आणि माळ्यावरून पुन्हा खाली. झोळीचं तर काम संपलं की तिची परत साडी. घरात किंवा भावकीत पुढचं बाळ येणार हे गृहीत धरलेलं असायचं. एकच मूल आणि दोन खोल्यांचा फ्लॅट आला की हा हिशेब कोलमडतो. मग त्याच मुलाला तीच वस्तू पुन्हा कशी वापरता येईल, हा प्रश्न पडतो.

हा प्रश्न हल्लीच्या फर्निचरवाल्यांनी शोधून काढला असं मला वाटायचं. नॉर्वेच्या पेटर ऑप्सविकची 'ट्रिप ट्रॅप' खुर्ची १९७२ची, हे तसं प्रसिद्ध आहे. त्याचा मुलगा बाळांच्या उंच खुर्चीत मावेना आणि मोठ्यांच्या खुर्चीत त्याचे पाय लोंबकळत. ऑप्सविकने दोन तिरक्या लाकडी पायांना खाचा पाडल्या. बसायची आणि पाय टेकवायची फळी मुलाच्या उंचीप्रमाणे खालीवर सरकते. टेबलाची उंची तीच राहते, मूल मोठ्यांच्या पंगतीत येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तेच, फक्त दोन पॅरामीटर बदलायचे. इतकं साधं उत्तर पाहिलं की जरा हेवाच वाटतो.

पण याच्या जवळपास पन्नास वर्षं आधी जर्मनीत आल्मा बुशर नावाच्या तरुणीने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला होता. ती १९२२मध्ये वायमारच्या बाउहाउसमध्ये शिकायला आली. ही संस्था स्वतःला आधुनिक म्हणवत असे, मात्र मुलींना बहुधा विणकाम विभागात धाडलं जाई. आल्माही तिथेच गेली आणि १९२३मध्ये लाकूडकामाच्या बाजूला वळली. त्या उन्हाळ्यात संस्थेने नमुन्यादाखल 'हाउस आम होर्न' हे घर बांधून प्रदर्शनात मांडलं. त्यातली मुलांची खोली आल्माच्या वाट्याला आली. (स्त्री आहे, मग मुलांची खोली द्या, असाही हिशेब असेल. तिने त्या खोलीचं जे केलं ते मात्र कोणाच्या हिशेबात नसावं.)

तिचं खेळण्यांचं कपाट बघण्यासारखं आहे. त्यातली रंगीत खोकी बाहेर काढली की बसायला स्टूल, मांडायला टेबल किंवा ओढायला चाकांची गाडी. कपाटाच्या एका दाराला खिडकी, म्हणजे बाहुल्यांच्या नाटकाचा रंगमंच तयार. भिंतींवर मुलांनी चित्रं काढावीत, मग ती पुसून टाकावीत, अशीही सोय होती. पुढच्या वर्षी तिने बाळाचे लंगोट बदलायचं टेबल केलं. मूल शाळेत जायला लागलं की त्याचंच लिहायचं टेबल व्हावं, हा विचार त्यात होता.

ऑप्सविकने वस्तूचं काम तेच ठेवून माप बदललं, आल्माने काम बदलण्याची मुभा ठेवली. मला आल्माचं काम अवघड वाटतं, कारण पाच वर्षांनी त्या घराला काय लागेल याचा अंदाज आज लाकूड कापतानाच बांधावा लागतो. शिवाय कपाटातल्या खोक्याचं काय करायचं हे तिने मुलावर सोडलं.

आर्किटेक्चरच्या इतिहासात तिच्या शिक्षकांची नावं मोठ्या अक्षरांत असतात. मुलांचं फर्निचर किरकोळ गणलं जातं. बाउहाउस १९३३मध्ये बंद पडलं. आल्मा १९४४च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टजवळ हवाई हल्ल्यात गेली, वय ४५. वायमारमधलं ते घर अजून उभं आहे आणि तिने केलेला लाकडी ठोकळ्यांच्या जहाजाचा खेळ आजही विकत मिळतो.