बोरघाटाचा चढ

मुंबईहून पुण्यास निघालेली आगगाडी कर्जत सोडून पुढें आली कीं सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. या भिंतीवर लोहमार्ग चढविण्याचें काम १८५६ सालीं सुरू झालें आणि १८६३ सालीं मार्ग खुला झाला. त्याची आखणी करणारे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली हे तो दिवस पाहण्यापूर्वींच, १८६२ सालीं, निवर्तले.

घाटाचा पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फूट, माथा २०२७ फूट. उंचींतील अंतर १८३१ फूट. मार्गाची लांबी १५ मैल ६८ साखळ्या, म्हणजे ८३,६८८ फूट. दोन बिंदूंवरून रेषेचा चढ काढण्याची रीत शाळेंतलीच : उंचींतील अंतरास आडव्या अंतरानें भागावें. दोन्ही वजाबाक्यांत बिंदूंचा क्रम मात्र एकच ठेवावा, नाहीं तर चढाचा उतार होऊन बसेल! भागाकार केला असतां सुमारें ४६ फुटांस एक फूट असा चढ येतो. रुळांची लांबी तिरपी असते, आडवी नव्हे, असा आक्षेप कोणी चिकित्सक घेईल. परंतु सबंध घाटांत त्यामुळें अवघा वीसेक फुटांचा फरक पडतो.

हाच चढ निम्मा कां केला नाहीं? कारण तेवढ्याच उंचीसाठीं मार्ग जवळजवळ ३२ मैल लांबवावा लागता. होता त्याच मार्गांत २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ सालीं चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथें राबत होते, आणि तापानें व पटकीनें किती दगावले त्याला सुमार नाहीं. चढ सौम्य करणें म्हणजे ही किंमत वाढविणें होतें.

पण ४६ ही झाली सरासरी, आणि गाडीला सरासरीवरून चालतां येत नाहीं. पायथा व माथा हे दूरचे दोन बिंदू मधला खडेपणा झांकून टाकतात. जवळजवळचे बिंदू घेतले तर कोठें चढ मंद निघतो, कोठें ३७ फुटांस एक फूट इतका खडा. शंभर टनांच्या गाडीस सरासरी उतार सव्वादोन टनांहून किंचित् कमी जोरानें खालीं ओढील; खड्या टप्प्यावर हीच ओढ पावणेतीन टनांच्या घरांत जाते. त्या काळीं ब्रेक हातानें आवळावे लागत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या अर्ध्या टनाचें भय कळतें. म्हणूनच उतारावर बगलेस वर चढत जाणारे फांटे टाकण्यांत आले. गाडी आवरेनाशी झाली तर तिला त्यांवर वळवीत, आणि तेथील उलटा चढच तिचा वेग जिरवी.