चाक, धाव आणि काळी माती

१८३० च्या दशकापर्यंत इंदापूर तालुक्यातला गाडा दगडी चाकांवर चालत असे. एकसंध दगडाच्या जाड चकत्या आणि त्यांच्यावर अवजड लाकडी साटा, असे त्याचे रूप होते. किंमत शंभर रुपयांच्या वर जाई. ती एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असल्याने काही घरांत मिळून एक गाडा असे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिके. ओढायला बैलांच्या एकाहून जास्त जोड्या जुंपाव्या लागत. शेणखत रानात नेणे आणि सुगीला पीक खळ्यावर आणणे, एवढेच त्याचे काम. गावची शीव ओलांडून बाजाराला जाणारा माल गोणींत भरून बैलांच्या पाठीवरून जाई. तेव्हा शेतकऱ्याने किती पिकवायचे, हे एका परीने बैलाच्या पाठीवर ठरत होते.

बदल आला तो महसूल पाहणीच्या निमित्ताने. पेशवाईनंतर इंग्रज अधिकारी प्रिंगल यांनी ठरवलेला सारा रयतेला झेपेना आणि इंदापुरातल्या जमिनी पडीक पडू लागल्या. म्हणून १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी येथे नव्याने मोजणी आणि आकारणी केली. पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र रुजलेल्या रयतवारी पाहणीची सुरुवात ती हीच. याच पाहणीखात्यातले लेफ्टनंट गेसफर्ड यांचे लक्ष गाड्याकडे गेले. भीमेपलीकडे, सोलापूरच्या वाटेवर असलेल्या टेंभुर्णीला त्यांनी गाड्या बांधण्याचा कारखाना काढला. तेथे आऱ्यांच्या चाकांची आणि एका बैलजोडीला ओढता येईल अशी हलकी गाडी तयार होऊ लागली. सुतार-लोहारांचे हात त्या कामाला बसल्यावर तिची किंमत दगडी गाड्यापेक्षा बरीच खाली आली. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झालेला होता आणि पुणे-सोलापूर रस्ताही आकार घेत होता. पहिल्या आकारणीची तीस वर्षे संपून फेरआकारणीची वेळ आली तोवर तालुक्यातल्या गाड्यांची संख्या कितीतरी पट वाढली होती. महसुलाच्या इतिहासात इंदापूरचे नाव साराआकारणीसाठी घेतले जाते. टेंभुर्णीच्या गाडीचे नाव तितके घेतले जात नाही. पण कुणब्याच्या दारात येऊन उभी राहिलेली वस्तू गाडीच होती.

या नव्या चाकाची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. मध्ये तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेल्या गोलाईच्या लाकडी फाळक्या म्हणजे पुठ्ठे, आणि या सगळ्यांभोवती लोखंडी पट्टीची धाव. लाकूड बहुतेक बाभळीचे, कारण ते चिवट असते आणि बांधाबांधावर मिळते. सगळी करामत धाव चढवण्यात असे. धावेचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवत. गोवऱ्या रचून त्यांच्या आरात ते लालभडक तापवले की लोखंड प्रसरण पावते. तेवढ्या क्षणांत दोघा-चौघांनी सांडशींनी उचलून ते चाकावर बसवायचे, घणाने ठोकायचे आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठे, कडे आवळले जाई आणि पुठ्ठे, आरे, तुंबा यांचे सगळे सांधे कचकन घट्ट बसत. कडे जास्त लहान झाले तर आरे मोडत, जास्त मोठे झाले तर चैत्रात धाव निसटे. चैत्र-वैशाखात लाकूड सुकून आक्रसते, म्हणून शेतकरी चाके काढून ओढ्यात किंवा हौदात भिजत ठेवत. लाकूड फुगले की धाव पुन्हा आवळली जाई. हे चाक वर्षभर एकच असले तरी त्याची निगा ऋतूप्रमाणे बदलत असे.

हे चाक चालायचे ती जमीन एकसारखी नव्हती. बारामती-इंदापूर हा अवर्षणाचा पट्टा आहे. येथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग भाद्रपद-आश्विनात, परतीच्या वाटेवर कोसळतो. माळावर मुरूम वर आलेला असतो. नीरा आणि भीमेच्या काठी मात्र काळी माती खोल आहे. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसून भेगाळते. सुकल्यावर तिच्यावरून गाडी खडखडत जाते, पण एका पावसात तीच माती चाकाला असे लगडते की आऱ्यांमधली जागाही भरून जाते. धावेची पट्टी अरुंद असते. मुरमावर चिखलाचा पातळ थर असेल तर ती तो कापून खालच्या टणक जमिनीला भिडते आणि गाडी निघते. खोल काळ्या रानात मात्र खाली टणक असे काही लागतच नाही, आणि गाडी आसापर्यंत रुतते. म्हणून पावसानंतर वाफसा येईपर्यंत गाडी जुंपायची नाही, हा गावोगावचा नियम होता. एकाच्या मागून एक धावा त्याच जागी गेल्या की चाकोरी पडे. माणसाच्या ठरीव आयुष्याला मराठीत जो शब्द चालतो तो याच दोन समांतर चरांतून आला आहे. रस्ते बांधणाऱ्यांना मात्र ही धाव नकोशी होती, कारण खडीच्या रस्त्याला ती सुरीसारखी चिरत जाते.

ऋतूप्रमाणे चाकाचा विचार इतरत्रही होतो. बर्फाच्या देशांतला वाहनमालक हिवाळ्यासाठी वेगळे टायर घ्यावेत की बारा महिने एकच चालवावेत, याचा हिशोब करतो. तिकडच्या टायरांवर एम आणि एस ही अक्षरे एकत्र छापलेली असतात. त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ. थंडीत रबर कडक होते ही बर्फाची अडचण वेगळी असली, तरी मऊ, घसरत्या थरात पकड घेण्याचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. नीरेच्या खोऱ्यात तो प्रश्न पावसाळ्यापुरता राहिला नाही, कारण येथे कालवा आला.

भाटघरच्या धरणाचे पाणी घेऊन नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात बारामती-इंदापूरकडे वाहू लागला आणि दुष्काळी रानात ऊस उभा राहिला. सुरुवातीला उसाचा गूळ होई. गुऱ्हाळ रानातच लागे, रस तेथेच निघे, चिपाड तेथेच जळे आणि गाडीत भरायच्या त्या फक्त ढेपा. बारामती गुळाची पेठ झाली; १९१४ मध्ये दौंडहून अरुंद रुळांची आगगाडी तेथे पोहोचली. साधारण दहा टन उसापासून एक टन गूळ निघतो. म्हणजे गुळाच्या काळात चाकावर येणारे वजन पिकाच्या एक दशांश होते, आणि धावेची गाडी ते काम निभावत होती.

साखर कारखान्याने हा हिशोब उलटा केला. कारखान्याला अख्खा ऊस हवा असतो आणि तोही तोडल्यावर लवकर, कारण तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटत जाते. वजन दहापट झाले आणि वर वेळेचे बंधन आले. शिवाय उसाचे रान पाटपाण्याने कायम ओलसर. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगरचा कारखाना उभारला, तेव्हा कंपनीच्या सलग मळ्यांतून अरुंद रुळांवरून ऊस आणण्याची सोय करता आली. रूळ म्हणजे चिखलाचा प्रश्नच बाजूला सारणे. पण १९५० च्या दशकात बारामतीजवळ माळेगाव आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगरला सहकारी कारखाने निघाले, पुढच्या दशकात सोमेश्वर आला, आणि त्यांचा ऊस हजारो सभासदांच्या दोन-दोन, चार-चार एकरांत विखुरलेला होता. इतक्या बांधांवर रूळ टाकणे शक्य नव्हते. गाडीच सुधारायला हवी होती.

सुधारणा रबरातून आली. बेलफास्टला जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये हवेचा टायर आणला होता, आणि १९३६ मध्ये बंगालात साहागंजला डनलपचा कारखाना निघाला. टायर-उद्योगाने जनावरांच्या गाड्यांसाठी वेगळा वर्गच केला, ए. डी. व्ही. अशा आद्याक्षरांनी तो आजही दुकानात ओळखला जातो. टायरगाडीचे चाक धावेच्या चाकापेक्षा लहान, रुंद आणि हवा भरलेले. आस पोलादी, त्यावर बेअरिंग, साटा लोखंडी आणि जमिनीला जवळ. रुंद टायर वजन पसरवतो, त्यामुळे मऊ मातीत चाक कमी रुतते आणि रस्ताही चिरला जात नाही. बाभळीचा काटा मात्र धावेचे काही बिघडवू शकत नव्हता, तो टायरात सहज शिरतो. त्यामुळे सुताराच्या मेटाशेजारी पंक्चरवाल्याची टपरी आली.

टायरगाडीत अडीच-तीन टन ऊस बसतो. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: चाक हलके झाले म्हणून बैलाचे ओझे हलके झाले नाही. जितके घर्षण कमी झाले, तितक्या मोळ्या वाढल्या. कायद्यातही हेच गणित दिसते. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये झालेल्या केंद्रीय नियमांत मोठ्या बैलासाठी दुचाकी गाडीची मर्यादा साध्या चाकाला ९०० किलो, हवेच्या टायरला १,३५० किलो आणि बेअरिंगच्या चाकाला १,८०० किलो अशी आहे. जोडी असेल तर दुप्पट. पाटाची चढण आणि ओल्या रानातून गाडी बाहेर काढताना लागणारा पहिला हिसका या आकड्यांत येत नाही. तो बैलाच्या खांद्यावर उमटतो. आयआयएम बंगळुरूचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकापासून बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला तेव्हा जू आणि खांद्याची जखम हा त्यांच्या मांडणीचा महत्त्वाचा भाग होता. चाकाइतके लक्ष जुवाकडे गेले असते तर बैलांचे हाल पुष्कळ वाचले असते.

चाकाने माणसांचीही वर्गवारी केली. बीड-नगरकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांत स्वतःची गाडी-बैल घेऊन येणारे ते गाडी सेंटर, कारखान्याची टायरगाडी भाड्याने घेऊन स्वतःचे बैल जुंपणारे ते टायर सेंटर, आणि डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणारे ते डोकी सेंटर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टायर सेंटरवरचे कुटुंब पहाटे फडात ऊस तोडते, दुपारनंतर गाडी भरते, आणि गडी कारखान्याच्या गव्हाणीकडे निघतो. वजनकाट्यावर गाड्यांची रांग असेल तर परतायला रात्र होते. पोटच्या मुलांसारखी जपलेली खिल्लार जोडी त्याची स्वतःची, टायर मात्र कारखान्याचे. ते झिजले, फुटले तर फेरी बुडते आणि आगाऊ घेतलेल्या उचलीतली रक्कम तेवढी उशिरा फिटते.

ट्रॅक्टर आल्यावर शेत आणि रस्ता यांच्यातला जुना पेच एकाच वाहनावर एकवटला. अमेरिकेत १९३२ च्या सुमारास ट्रॅक्टरला लोखंडी खुंट्यांच्या चाकांऐवजी हवेचे टायर बसू लागले आणि तेच रूप पुढे इकडे आले. मागच्या मोठ्या टायरावर बाणाच्या टोकासारख्या उंच पट्ट्या असतात. त्या मातीत रोवल्या जातात आणि चाक फिरताना चिखल बाजूला फेकतात. टायर उलटा बसवला तर चिखल मध्ये साचून चाक जागेवर गरगर फिरते. पकड वाढावी म्हणून शेतकरी मागच्या टायरात पाणी भरून वजन वाढवतात. पण याच पट्ट्या डांबरी रस्त्यावर भरभर झिजतात. ट्रॉलीचे टायर मालट्रकच्या धाटणीचे, रस्त्यासाठी केलेले, आणि वजन पेलावे म्हणून कडक हवा भरलेले. डांबरावर ते सुरळीत चालतात, ओल्या फडात मात्र खोल चर पाडतात आणि खालची माती दाबून टाकतात. त्या दाबलेल्या पट्ट्यात पुढच्या खोडव्याची मुळे नीट उतरत नाहीत. ट्रॅक्टर गव्हाणीपर्यंत फेऱ्या मारतो तेव्हा निम्मे आयुष्य रस्त्यावर जाते, निम्मे रानात, आणि दोन्हीकडे चोख चालणारा टायर मिळत नाही. म्हणून काही ठिकाणी फडातून बांधापर्यंत टायरगाडी आणि पुढे ट्रॉली अशी विभागणी होते, तर काही ठिकाणी छोट्या ट्रॅक्टरमागे दोन टायरगाड्या एकापाठोपाठ जोडतात.

चाकाच्या बाजूने जे सुटत नाही ते वाटेच्या बाजूने सोडवण्याचा प्रयत्नही चालू आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. पाणंदीवर मुरूम-खडी पडली की बांधापर्यंत ट्रॉली येते; बांधाच्या आत मात्र तीच काळी माती असते.

परतीचा पाऊस ओसरू लागला की कारखान्यांच्या गाडीतळावर टायरगाड्या ओळीने उभ्या केल्या जातात. चाके उतरवून बेअरिंगमधले जुने वंगण पुसले जाते, नवे भरले जाते, चिरलेले टायर बाजूला काढले जातात. मग मजूर आणणाऱ्या मुकादमाच्या यादीप्रमाणे नावे पुकारली जातात, आणि बैल जुंपण्याआधी गडी टायरावर टाच मारून हवा पाहतो.