एका गोळ्याचे दोन दावेदार

११ नोव्हेंबर १९४२. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, भर हिंदी महासागरात, एक ताफा दिएगो गार्सियाकडे चालला होता. ताफा म्हणजे जहाजं दोनच. ‘ओंडिना’ हे रिकाम्या टाक्यांचं डच तेलवाहू जहाज आणि त्याच्या राखणीला रॉयल इंडियन नेव्हीची ‘बेंगाल’, सिडनीत बांधलेली कोरी करकरीत सुरुंगशोधक नौका.

दुपारच्या सुमारास दोन जपानी जहाजं समोर आली: ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’. मुळात प्रवासी बोटी, पण आता अंगावर जड तोफा चढवलेल्या आणि वजनाला प्रत्येकी दहा हजार टनांवर. ‘बेंगाल’ हजार टनांचीही नव्हती. तिची मुख्य तोफ एकच, बारा पौंडी. ‘ओंडिना’वर एक चार इंची तोफ आणि मोजून ३२ गोळे.

‘बेंगाल’चा कप्तान विल्सन याने तेलवाहूला पळून जायची खूण केली आणि आपली नौका थेट शत्रूच्या अंगावर घातली. ‘ओंडिना’ मात्र गेलं नाही, तेही गोळे डागत राहिलं. तेवढ्यात ‘होकोकू मारू’च्या मागच्या भागात गोळा बसला. आग लागली, प्रचंड स्फोट झाला आणि ते बुडालं.

हा गोळा कुणाचा? आपल्याकडे मान ‘बेंगाल’ला मिळाला, डचांनी तो ‘ओंडिना’च्या तोफचींना दिला. चार इंची तोफेची ताकद बघता डचांचं म्हणणं जास्त पटतं. अर्थात, शत्रूच्या अंगावर जाणाऱ्या विल्सनची छाती त्यामुळे तसूभरही कमी ठरत नाही.

गोळे संपत आल्यावर ‘बेंगाल’ धुराचा पडदा सोडून निसटली. ‘ओंडिना’चे गोळेही संपले. कप्तान हॉर्समन मारला गेला, खलाशी होड्यांत उतरले. ‘आइकोकू मारू’ने जहाजावर टॉर्पेडो सोडले, होड्यांवर मशिनगन चालवली, मग आपल्या बुडालेल्या जोडीदाराची माणसं पाण्यातून उचलली आणि ‘ओंडिना’ आता बुडणारच असं धरून निघून गेलं. पण टाक्या रिकाम्या होत्या. जहाज कललं, बुडालं नाही. उरलेले खलाशी परत वर चढले, त्यांनी आग विझवली, इंजिन सुरू केलं.

१७ नोव्हेंबरला ‘बेंगाल’ दिएगो गार्सियाला पोचली, ती ‘ओंडिना’ गेलं असं समजूनच. दुसऱ्या दिवशी ‘ओंडिना’ फ्रीमँटलच्या बंदरात शिरलं.