पीडित बालकांचा आधार : जळगाव प्रकरणापासून आजपर्यंत

खान्देशच्या गेल्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना केळी, कापूस, सुवर्णपेढ्या आणि शिक्षणसंस्था यांचा उल्लेख अभिमानाने होतो. १९९४ या वर्षाचा उल्लेख मात्र बहुधा टाळला जातो. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात जळगाव येथील प्रकरण उघडकीस आले. शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलींना फूस लावून त्यांची छायाचित्रे काढावयाची आणि त्या छायाचित्रांच्या धाकाने त्यांचे शोषण करावयाचे, हा प्रकार काही वर्षे चालू होता. अत्याचारितांपैकी अनेक जणी अल्पवयीन होत्या. अरविंद इनामदार, दीपक जोग, मीरा बोरवणकर या पोलीस अधिकाऱ्यांची नावे त्या तपासाशी जोडली गेली. विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वत्र गदारोळ झाला. परंतु न्यायालयात मात्र अनेक आरोप टिकू शकले नाहीत, कारण बहुतांश मुली साक्षीसाठी पुढे आल्याच नाहीत.

त्या का आल्या नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मुलींच्या भित्रेपणात शोधणे अन्यायाचे ठरेल. त्या काळी तक्रार सांगण्याची जागा एकच, ती म्हणजे पोलीस ठाणे. तेथे सांगितलेले पुन्हा रुग्णालयात, पुन्हा दंडाधिकाऱ्यांपुढे आणि अखेरीस भर न्यायालयात आरोपीच्या देखत सांगावे लागे. उलटतपासणीत पीडितेच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्याची मुभा पुरावा कायद्याच्या एका कलमानेच दिलेली होती. ते कलम २००२ च्या दुरुस्तीने रद्द झाले. घरात धाकट्या बहिणींच्या विवाहाची चिंता असे. जळगावची मुलगी म्हटले की स्थळाकडील मंडळी कुजबुजतात, असे त्या दिवसांत उघडपणे बोलले जाई. ज्या मुलींचा या प्रकरणाशी तिळमात्र संबंध नव्हता, त्यांनाही ही झळ लागली. अशा स्थितीत आईवडिलांनी मुलीला गप्प बसविले, तर तो त्यांचा एकट्याचा दोष म्हणता येणार नाही. समाजाने त्यांना दुसरा मार्ग दाखविलाच नव्हता.

हाच पेच इतर देशांतही होता. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल या शहरी बड क्रेमर नावाचे सरकारी वकील होते. अत्याचारित बालकाला पोलीस, डॉक्टर, समाजसेविका, वकील असे अनेक जण निरनिराळ्या ठिकाणी तेच ते प्रश्न विचारतात, मूल गोंधळते, हकिगतीत तफावत पडते आणि त्याच तफावतीचा लाभ आरोपीला मिळतो, हे त्यांच्या ध्यानी आले. मग १९८५ मध्ये तेथे ‘चाइल्ड अ‍ॅडव्होकसी सेंटर’ स्थापन झाले. त्यास आपण बालसाहाय्य केंद्र म्हणू. त्याची रचना साधी आहे. घरासारख्या खोलीत प्रशिक्षित व्यक्ती एकटीच मुलाशी बोलते. उत्तर सुचविणारा प्रश्न विचारावयाचा नाही, हा तिचा पहिला नियम. पोलीस, सरकारी वकील आणि बालकल्याण अधिकारी हे बोलणे शेजारच्या खोलीतून ऐकतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा विचारणे टळते. वैद्यकीय तपासणी आणि मानसोपचार यांची सोयही तेथूनच लावली जाते. कुटुंबासाठी एक स्वतंत्र कार्यकर्ती नेमलेली असते. खटल्याची तारीख कळविणे, आईला धीर देणे, आरोपी घरातलाच असेल तर निवाऱ्याची सोय करणे ही कामे तिच्याकडे असतात. ही शेवटची योजना सर्वांत मोलाची मानावी लागेल, कारण कुटुंब खचले की मुलाची साक्षही खचते. आज अमेरिकेत अशी नऊशेहून अधिक केंद्रे आहेत. आइसलँडने १९९८ मध्ये ‘बार्नाहूस’ म्हणजे बालकांचे घर या नावाने हीच कल्पना स्वीकारली.

आपल्याकडे ती एकाच छताखाली न येता तुकड्यातुकड्यांनी आली. १९९६ मध्ये मुंबईत १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवा सुरू झाली. केंद्र सरकारने तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांची पाहणी करून २००७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. त्यानंतर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजेच ‘पॉक्सो’, त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. या कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो, अधिकारी शक्यतो महिला असावी आणि तिने गणवेश घालू नये. आईवडील किंवा विश्वासातील व्यक्ती जवळ असावी. न्यायालयात वकिलाने मुलाला थेट प्रश्न न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारावेत आणि आरोपी मुलाच्या दृष्टीस पडू नये. गरजेनुसार दुभाषाही द्यावा लागतो. खान्देशात या तरतुदीला विशेष अर्थ आहे. धुळ्याच्या खेड्यातील मूल अहिराणीत बोलते, सातपुड्यातील मूल पावरी किंवा भिली बोलते, आणि कागदावर मात्र प्रमाण मराठी उमटते. या वाटेत एखादा शब्द बदलला तरी खटल्याचा रंग पालटू शकतो.

कुटुंबाच्या आधारासाठी बालकल्याण समिती सहायक व्यक्ती नेमू शकते. हंट्सव्हिलच्या त्या कार्यकर्तीचेच हे भारतीय रूप होय. २०१३ पासून महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य व समुपदेशन मिळते. पुढे हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. साक्षीसाठी वेगळी, निर्भय जागा असावी, हा आग्रहही महाराष्ट्रातूनच गेलेल्या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने धरला. २०१७ च्या निकालात प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात किमान दोन केंद्रे उभारण्यास सांगितले गेले आणि ११ जानेवारी २०२२ च्या आदेशाने ती प्रत्येक जिल्ह्यात अपेक्षित झाली. म्हणजेच जळगाव आणि धुळे येथेही.

इतके असूनही कायदा आणि दार यांत अंतर राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन बालिकांच्या पालकांना तक्रार नोंदविण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास थांबावे लागले. त्यानंतर शाळांतील बालसुरक्षेचा विचार करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने जी समिती नेमली गेली, तिच्यात मीरा बोरवणकर यांचाही समावेश होता. जळगावच्या तपासाला तेव्हा तीस वर्षे झाली होती.

वसतिगृहे, पाठशाळा, शिबिरे चालविणाऱ्या संस्थांना या कायद्यातील एक तरतूद थेट लागू पडते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात, मुलींवरील अत्याचार कळूनही न कळविल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता; २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. अत्याचाराची माहिती किंवा तो होण्याची शक्यता ज्याला जाणवली, त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेला अपराध संस्थेच्या प्रमुखाने दडविला, तर एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. संस्थेचे नाव जपण्याचे कारण तेथे चालत नाही. उलट सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर, पुढे ती सिद्ध झाली नाही तरी, कारवाई करता येत नाही.