ओतीव अक्षर व ओतीव जाळी

कै. जावजी दादाजी व त्यांचा निर्णयसागर छापखाना यांविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. अक्षरांचें वळण, पाठांची शुद्धता, काव्यमालेंतील ग्रंथ यांची प्रशंसा सर्वत्र आढळते व ती यथार्थच आहे. परंतु तें अक्षर ज्या शिशाच्या रसांतून निघालें, तो रस भांड्यांतून साच्याच्या मुखापर्यंत कसा नेला जात असे, याचा विचार सहसा कोणी केलेला दिसत नाहीं. बॅटऱ्यांच्या कारखान्यांत आजही हाच प्रश्न मुख्य आहे. या दोन धंद्यांना जोडणारा धागा वाचकांपुढें ठेवावा, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

हा धागा मला ग्रंथांत सांपडला नाहीं. सुमारें ४० वर्षांपूर्वीं मी इंदापूर तालुक्यांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत असें. बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लासुर्ण्याच्या अलीकडे, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराची पत्र्याची टपरी होती. एके दिवशीं तेथें लोखंडी कढईंत शिसें वितळत होतें व शेजारीं एका पोत्यांत छापखान्याचे झिजलेले खिळे होते. बारामतीचा एक लहान छापखाना बंद पडल्यावर त्यानें ते वजनावर घेतले होते. मीं विचारल्यावर तो म्हणाला, “गुरुजी, नुसत्या शिशाचा खुंट मऊ पडतो. छापखान्याचं शिसं घातलं म्हणजे कडक येतो.” मीं त्यांतील अकरा खिळे मागून घेतले. ज्या बारामतींत मोरोपंतांनीं बोरूनें आर्या लिहिल्या, त्याच गांवचीं अक्षरें बॅटरीचे खुंट होण्यासाठीं कढईंत पडावींत, याचें मला त्या वेळीं फार वाईट वाटलें. कढईवरची मळी पळीनें बाजूस सारण्याचें काम त्या कारागिराचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा करीत होता. तो माझ्याच शाळेंत होता. त्याविषयीं मात्र मी कांहीं बोललों नाहीं.

कारागिराचें म्हणणें धातुविद्येच्या दृष्टीनें अगदीं बरोबर होतें. शुद्ध शिसें सुमारें ३२७ अंश सेंटिग्रेडवर वितळतें; तें मऊ असतें व थिजतांना आकसतें. त्यांत शेंकडा ११ च्या सुमारास अँटिमनी मिसळल्यास वितळण्याची उष्णता २५२ अंशांपर्यंत खालीं येते, धातु कठीण होतो व साच्यांतील बारीक रेषा स्वच्छ उतरतात. खिळ्यांच्या धातूंत अँटिमनीबरोबर थोडें कथीलही असतें. बॅटरीच्या जाळीसाठीं अँटिमनीचा उपयोग १८८१ सालीं सेलन यानें सुचविला; म्हणजे टाइप ओतणाऱ्यांना शतकानुशतकें ठाऊक असलेली गोष्ट विद्युत्-शास्त्रानें तेव्हां उचलली. प्लांते याचा शिशाचा संचायक घट १८५९ सालचा, व फोर याची लेप दिलेली पट्टी १८८१ सालची. लेप धरून ठेवण्यास जाळी हवी, व जाळी हजारोंनीं हवी म्हणून ती ओतणें प्राप्त झालें.

येथें एक प्रवाद दूर केला पाहिजे. अगस्त्यसंहितेंत बॅटरी सांगितली आहे, असें व्याख्यानांतून वारंवार ऐकूं येतें. त्या श्लोकांची हस्तलिखितपरंपरा सिद्ध झालेली नाहीं. आणि ते ग्राह्य धरले तरी त्यांतील घट तांब्याजस्ताचा आहे, शिशाचा नव्हे. आमच्या पूर्वजांचें शिशाविषयींचें खरें ज्ञान पाहावयाचें तर रसशास्त्राकडे वळावें. शिशास तेथें ‘नाग’ म्हणतात. नागाच्या शोधनांत वितळलेला रस निर्गुंडीच्या रसासारख्या द्रवांत पुनःपुन्हां ओततात. उष्ण शिसें द्रवांत पडतांच उसळतें. म्हणून भांड्यावर मध्यें छिद्र असलेलें झांकण ठेवून त्या छिद्रांतूनच तें ओतावयाचें, अशी योजना असते. तिला पिठरयंत्र म्हणतात. अशुद्ध नाग रोगकारक आहे हेंही रसग्रंथ स्पष्ट बजावतात.

आतां मूळ विषयाकडे. वितळलेल्या शिशाच्या पृष्ठावर हवेच्या संसर्गानें सारखी मळी धरते. हातसाचा वापरणारा ओतारी पळीनें रस साच्यांत टाकी व रस मातृकेच्या कोपऱ्यांत शिरावा म्हणून साचा झटक्यानें वर उचली. पळींत मळी आली कीं अक्षर पोकळ निघे. न्यूयॉर्कच्या डेव्हिड ब्रूसनें १८३८ च्या सुमारास जें यंत्र केलें, त्यांत पळी गेली. रसाच्या भांड्यांतच दट्ट्याचा पंप बुडविलेला असे. दांडा फिरविला कीं साचा नळीच्या तोंडाशीं येई, दट्ट्या खालीं जाई व पृष्ठाखालचा निर्मळ रस जोरानें साच्यांत शिरे. वरची मळी वरच राही. पुढील सर्व सुधारणांचें बीज या एका युक्तींत आहे, असें माझें मत आहे.

जाळीचें ओतकाम या बाबतींत निराळें आहे. तेथें दाब नसतो. लोखंडी साच्याचीं दोन दळें मिटतात व रस स्वतःच्या वजनानेंच खालीं उतरतो. म्हणून साच्याच्या आंतल्या अंगास बुचाच्या लाकडाच्या भुकटीचा लेप फवारतात, त्यायोगें रस तळापर्यंत पोंचण्यापूर्वीं थिजत नाहीं. साडेचारशें ते पांचशें अंशांच्या एका मोठ्या भांड्यांतून अनेक यंत्रांना रस पुरवावयाचा, तर मधली नळी हाच नाजूक भाग ठरतो. ती वाटेंत कोठें थंड झाली तर रस थिजून सर्व काम अडतें. म्हणून ती सर्व लांबीभर तापवीत ठेवतात. भांड्यांत बुडलेला पंप पृष्ठाखालचा रस उचलतो, यंत्रापाशीं झडप दर खेपेस ठराविक माप सोडते, व जाळीची छाटलेली कड पुन्हां भांड्यांत जाते. १९३५ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतून कॅल्शियममिश्र शिसें पुढें आलें, तेव्हां ही काळजी वाढली. कारण कॅल्शियम हवेंत जळून जातो व रस जितका उघडा वाहील तितकी मिश्रणाची प्रत उतरते. त्यास आळा म्हणून किंचित् ॲल्युमिनियम घालतात. पुणें जिल्ह्यांत अशा बॅटऱ्यांचा मोठा कारखाना चिंचवडास १९६९ सालीं निघाला. चिंचवडची नळी आणि लासुर्ण्याची पळी यांत यंत्राचें अंतर फार, पण मळी टाळून रस नेण्याची अडचण तीच.

आणि ती मळी कोणाच्या वाट्यास येते, हाही इतिहासाचाच भाग होय. जावजी दादाजी (१८३९–१८९२) लहानपणीं मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखालीं महिना दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामास लागले, असें त्यांच्या चरित्रांत येतें. चरित्रकार तें कष्टाळूपणाचें उदाहरण म्हणून देतात. घासतांना उडणारी शिशाची पूड त्या बालकाच्या श्वासांत जात असेल, हें कोणी लिहीत नाहीं. पुढें १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला; राणू रावजी आरू यांनीं कोरलेल्या ठशांमुळें त्याची कीर्ति झाली. ठसे कोरणाऱ्याचें नांव निदान उरलें. भांड्यापाशीं उभे राहणाऱ्यांचीं नांवें कोठेंच नाहींत.

शिशाची वाफ पांचशें अंशांवर फार नसते. अपाय मुख्यतः मळीच्या व पुडीच्या धुळीनें होतो, व लहान मुलांच्या बुद्धीस तो अधिक होतो. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत कारखान्यांकडेच जाव्यात, असे नियम सरकारनें २००१ सालीं केले व २०२२ सालीं ते नव्यानें मांडले. लासुर्ण्याची ती टपरी त्यापूर्वींच मोडली. तो मुलगा सातवीनंतर शाळेंत आला नाहीं. वर्गांत तो पाठांतरांत मागें पडे व मी त्यास आळशी म्हणत असें. ते अकरा खिळे अजून माझ्या पेटींत आहेत. त्यांत ‘द्ध’ दोन आहेत व एका ‘ळ’ची कड ओततांनाच पोकळ राहिलेली आहे.